सांगितलं तर कॉलेज बंद होणार नाही ना?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतःसाठी विचारलेले नाहीत, घरातल्या कुणासाठी तरी विचारलेत. कुणाला मुलीची काळजी, कुणाला म्हाताऱ्या आईची, कुणाला बहिणीची. मी धुळ्यात मुलींना ज्युदो आणि स्वसंरक्षण शिकवते म्हणून ही पत्रं माझ्याकडे आली. नावं आणि गावं काढलीयत, तालुका किंवा शहर तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मुलगी बारावीला आहे, रोज एसटीने चोपड्याला जाते. महिनाभरापासून दोन पोरं मोटरसायकलवर स्टँडपासून कॉलेजपर्यंत मागे मागे येतात, कट मारतात, हसतात. तिने एकदा तोंडावर सांगितलं की माझ्या मागे येऊ नका, तरी येतात. मला सांगितलं आणि वर म्हणाली पप्पांना सांगू नको, पण मी सांगितलं. आता तिना बाप म्हणस, बंद करी टाक कॉलेज. मी म्हणते तिला कराटे लावू. तुमचं मत काय? – एक आई

उत्तर : कराटे लावा, जरूर लावा, पण त्याच्या आधी एक काम आज रात्रीच्या जेवणाआधी व्हायला हवं आणि ते तुमच्या मिस्टरांनी करायचंय. मुलीला समोर बसवून त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं की काहीही झालं तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही. तुम्ही त्यांच्या वतीने सांगून चालणार नाही, कारण तिला भीती त्यांची आहे. ती पप्पांना सांगू नको म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात ती पोरं नव्हतीच, कॉलेज होतं. एकदा का तिला कळलं की घरी सांगितलं की शिक्षण जातं, तर ती पुढचं काहीच सांगणार नाही, ती पोरं उद्या हात धरतील, फोटो काढतील, मोबाईलवर धमक्या देतील आणि तुम्हाला कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये जिच्या घरी बिनधास्त सांगता येतं ती मुलगी मारायला शिकायच्या आधीच निम्मी सुरक्षित असते असं माझं ठाम मत आहे.

मिस्टरांची बाजूही मला कळते, बापाचा जीव तुटतो आणि पोरीला घरात ठेवली की संपलं असं वाटतं. त्यांना राग काढायचाच असेल तर तो योग्य जागी काढू द्या. नाही म्हटल्यावरही मुलीच्या मागे मागे फिरून ओळख वाढवायचा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद, परत केलं तर ५ वर्षांपर्यंत. तुमची मुलगी अजून १८ ची झाली नसेल, बारावीत बहुतेक नसतेच, तर असल्या वाईट हेतूने पाठलाग केल्यावर पॉक्सो, म्हणजे १८ च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तोही लागतो. तेव्हा वडिलांनी एक दिवस कामाला सुट्टी टाकून तिच्याबरोबर कॉलेजला जावं, प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, पोलीस ठाण्यात निर्भया पथक किंवा दामिनी पथक, तुमच्याकडे जे नाव असेल ते, तिथे गाडीचा रंग आणि नंबर द्यावा. पोरांना गाठून मारहाण करायची नाही. त्याने केस उलटते आणि मुलीचं नाव नको तितकं गावभर होतं.

त्याच दिवशी स्टँड ते कॉलेज दोघांनी पायी चालायचं आणि वाटेत कुठल्या दुकानात शिरता येईल ते बघायचं. मेडिकल, झेरॉक्सवाला, पिठाची गिरणी, जिथे दिवसभर माणसं असतात अशी दोन-तीन ठिकाणं ठरवायची, आणि वडिलांनी त्या दुकानदाराला सरळ सांगायचं की दादा, ही माझी मुलगी, कधी आत आली तर बसू द्या. खान्देशात असं सांगितलं की माणूस नाही म्हणत नाही, उलट तो दुसऱ्या दिवसापासून रस्त्याकडे लक्ष ठेवायला लागतो. स्टँडवर चौकशीच्या खिडकीजवळ उभं राहायचं, बसमध्ये कंडक्टर दिसेल अशा सीटवर. संध्याकाळच्या गाडीला उशीर असेल तर व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांसाठी चालू करून ठेवता येतं, आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस शोधून ते चालू करून एकदा घरी बसून समजून घ्या, बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पटापट ५ वेळा दाबलं की ते सुरू होतं. आणीबाणीत मदत मागायचा नंबर पाठ हवा, ११२.

आता हातपाय. घरी अंगणात रोज पाच-दहा मिनिटं, भाऊ असेल तर भावाबरोबर. भावाने मनगट लाडाने धरायचं नाही, खरंखुरं दाबून धरायचं. मनगट धरलं की आपण सगळ्या जणी हात सरळ मागे ओढतो आणि समोरचा ताकदवान असला की हरतो. धरणाऱ्याच्या मुठीत एका बाजूला चार बोटं असतात आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा, ही दोन्ही जिथे भेटतात ती फट सगळ्यात कच्ची. आपल्या मनगटाची बारीक कड त्या फटीकडे फिरवायची, एक पाऊल त्याच्याकडेच टाकायचं, कोपर त्याच्या हाताकडे ढकलायचं आणि झटका द्यायचा. पाऊल पुढे टाकणं हेच मुलींना जमत नाही कारण अंग मागे पळायला बघतं, म्हणून ते पन्नास वेळा करून घ्या. केस धरले तर त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि मग गुडघा. मुठीने मारायचं नाही, सवय नसलेल्या हाताची हाडं मोडतात. तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग नाकावर, खालून वर. टाच त्याच्या पावलाच्या वरच्या बाजूवर. आणि मारलं की बघत थांबायचं नाही, ठरवलेल्या दुकानाकडे पळायचं.

या सगळ्याच्या आधी आवाज. आवाज काढायची सवय आपल्या मुलींना नसतेच, लहानपणापासून हळू बोल हळू बोल ऐकलेलं असतं. म्हणून तिला ओरडायला लावा, अहिराणीत ओरडली तर आणखी चांगलं, ‘सोड माले’ हे शब्द पोटातून येतात. शेजारी विचारतील काय झालं, सांगा प्रॅक्टिस चाललीय.

क्लास निवडताना एकदा जाऊन बसा आणि बघा. कराटेचा पट्टा मिळणं आणि रस्त्यावर सुटून येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, स्पर्धेत पंच असतो, नियम असतात. मागून मिठी मारली तर, भिंतीला टेकवलं तर, ओळखीच्याने गाडीवर बस म्हटलं तर, याचा सराव तिथे होतो का ते विचारा, आणि पालकांना आत बसू देत नसतील तर त्या क्लासला पाठवू नका.

हे शिकवून खरंच फरक पडतो का असं मिस्टर विचारतील. कॅनडात ३ विद्यापीठांतल्या जवळपास ९०० मुलींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं त्यांच्यात पुढच्या वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण १०० मागे ५.२ होतं, आणि ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली त्यांच्यात ९.८. त्या १२ तासांत मारामारीचा भाग थोडाच होता, मोठा भाग होता तो ओळखीचा पुरुष हद्द ओलांडायला लागला की ते वेळीच कसं ओळखायचं आणि संकोच बाजूला ठेवून नाही कसं म्हणायचं याचा.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. शाळेत गुड टच बॅड टच शिकवलं तेव्हापासून तो पाहुण्यांना पापी देत नाही, मांडीवर बसत नाही. सासरे म्हणतात पोराला माणूसघाणं करून ठेवलं, आणि तो तर मुलगा आहे, त्याला कशाला हे. मी काय उत्तर देऊ? – अमळनेर

उत्तर : सासऱ्यांना आदराने सांगा की आबा, तो लांबून नमस्कार करेल, पाया पडेल, पण मिठी त्याच्या मनावर. माणूसघाणेपणा यात काही नाही. ज्या पोराला आजोबांना नाही म्हणायची मुभा आहे त्यालाच दुसऱ्या कुणाला नाही म्हणता येईल. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं असं एकदा डोक्यात बसवलं की वाईट हेतूच्या माणसाचं अर्धं काम आपणच करून दिलं.

आणि मुलगा आहे म्हणून काळजी नको हे तर अजिबात बरोबर नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली देशभरातल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात ५३ टक्क्यांवर मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, त्यात मुलगेही भरपूर होते. पॉक्सो कायदा २०१२ चा, तो मुलगा मुलगी भेद करत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मी सांगते. कानबाईच्या रोटाला, लग्नाला, आखाजीला आपल्याकडे सगळी भाऊबंदकी एका घरात जमते आणि रात्री पोरं गच्चीवर नाहीतर ओसरीवर कुणाच्याही शेजारी झोपतात. झोपायची जागा आईने स्वतः ठरवावी, पोरं पोरांच्या रांगेत, एक विश्वासाची बाई जवळ. आणि पोराला एवढं सांगून ठेवा की वाढदिवसाचं सरप्राइज लपवायचं असतं पण अंगाला हात लावल्याचं कधीच लपवायचं नसतं, सांगणाऱ्याने कितीही शपथ घातली असली तरी. मोठा माणूस जवळ नसेल तर १०९८ हा मुलांचा नंबर आहे, फुकट लागतो, तो त्याला पाठ करून घ्या.

प्रश्न : ताई, मी फैजपूरकडचा. माझी बहीण १९ वर्षांची आहे पण समज पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी. कुणी गोड बोललं की हात धरून चालायला लागते. आई-बाबा आणि मी केळीच्या बागेत असतो, दुपारी ती एकटी, शेजारच्या काकू बघतात. तिला असं काही शिकवता येतं का, का घरात कोंडूनच ठेवायचं? – एक भाऊ

उत्तर : भाऊ, शिकवता येतं. कोंडून ठेवू नका. कोंडलेल्या माणसाकडे येणं-जाणं कोणाचं आहे हे बाहेरच्या कुणालाच दिसत नाही, आणि आपल्याकडच्या पोलीस नोंदींत दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या १०० पैकी ९० च्या वर केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो. दार बंद करून अनोळखी माणूस बाहेर राहतो, ओळखीच्याला तर आपणच दार उघडतो.

तुमच्या बहिणीसारख्या मुलींची खरी अडचण अशी की त्यांना जन्मभर ऐकायलाच शिकवलेलं असतं. बस म्हटलं की बस, उठ म्हटलं की उठ, तोंड उघड, कपडे काढ आंघोळ घालते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, सांभाळणाऱ्याला सोपं जातं एवढंच, पण त्यातून तिला कळतं की मोठा माणूस सांगेल ते करायचं. म्हणून पहिला धडा हा की तिला घरातच दिवसातून दोन-चारदा नाही म्हणू द्या आणि तिचं नाही खरोखर ऐका. भाजी वाढू का, नको, बरं नको. वेणी घालू का, नको, बरं थोड्या वेळाने. छोटं वाटतं पण तिच्यासाठी हे अगदी नवीन असतं की आपण नको म्हटलं आणि समोरचा थांबला.

दुसरं, अंगाच्या सगळ्या भागांची नावं आईने तिला शिकवावी, लाज न बाळगता, ज्या शब्दात घरात बोलता त्याच शब्दात. ज्याचं नाव माहीत नाही ते तिला सांगता येणार नाही. मग फोटो घ्या, घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे, सोयऱ्यांचे, आणि जमिनीवर खडूने गोल काढा. अगदी आतल्या गोलात आई आणि जी कुणी तिला आंघोळ घालते, मासिक पाळीत मदत करते ती, बस. त्याच्या बाहेरच्या गोलात तुम्ही, बाबा, आजी, हात धरला तर चालेल. त्याच्या बाहेर काकू, शिक्षिका, आणि आई बरोबर असताना डॉक्टर. सगळ्यात बाहेर बाकी जग, नमस्कार करायचा आणि लांब राहायचं. रोज एक फोटो हातात देऊन विचारा, हा कुठे बसेल. मोठं भाषण देऊ नका, तेच वाक्य त्याच शब्दात परत परत. महिने लागतील आणि लागू द्या.

तिसरं म्हणजे नाटक करून शिकवायचं. तिच्या ओळखीचा नसलेला तुमचा एखादा मित्र, तुम्ही समोर असताना, म्हणेल चल तुला आइस्क्रीम देतो. तिने काय करायचं ते हातवाऱ्यांसकट ठरवा, दोन पावलं मागे, हात पुढे, ‘नको’ मोठ्याने, आणि काकूंकडे जायचं. बरोबर केलं की आइस्क्रीम तुम्ही द्या. चुकली तर रागवू नका, परत करा. महिन्याने नवीन माणूस, नवीन आमिष, मोबाईलवर गाणं दाखवतो, गाडीवर फिरवतो. एका माणसाला नको म्हणायला शिकली म्हणजे सगळ्यांना म्हणेल असं या मुलांचं नसतं, प्रत्येक वेळी वेगळं शिकवावं लागतं.

काकूंवर भरवसा ठेवा पण काकूंच्या घरी कोण कोण येतं-जातं तेही माहीत असू द्या. आणि दुपारच्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी अधूनमधून न सांगता घरी यायचं. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

खुणा लक्षात ठेवा. एखाद्या घरी किंवा माणसाकडे जायला अचानक रडणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, कपडे बदलू न देणं, झोप उडणं. ती काही बोलली तर एकदाच शांतपणे ऐका, असं झालं का तसं झालं का करून तिच्या तोंडात शब्द घालू नका, तिचे शब्द जसेच्या तसे तारीख टाकून लिहून ठेवा, कपडे धुवू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. अशा पीडितेवर फुकट आणि ताबडतोब उपचार करणं सरकारी काय खासगी काय, प्रत्येक हॉस्पिटलला बंधनकारक आहे. तिला पोलीस ठाण्यात न्यायची गरज नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तरतूद आहे की अपंग व्यक्तीची अशी तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाषा हजर ठेवून घ्यायची आणि तिचं व्हिडिओ चित्रण करायचं. ती १९ ची असल्यामुळे पॉक्सो लागणार नाही, तिथे वय शरीराचं धरतात, समजेचं नाही, पण अपंग स्त्रीवर बलात्कार हा गुन्हा आणखी गंभीर मानलाय आणि शिक्षा कमीत कमी १० वर्षं आहे. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, हेल्पलाइन १५१००.

प्रश्न : आई धुळ्यात देवपूरला एकटी राहते, वय ६८. मी पुण्यात. सकाळी फिरायला गळ्यात सोन्याची पोत घालून जाते, ऐकत नाही. तिला दोन-चार डाव शिकवाल का? – मुलगा

उत्तर : डाव शिकवणार नाही. या वयात झटापटीत पडणं हाच मोठा धोका आहे, खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो, पोत परत घेता येते. आईंना एकच गोष्ट पक्की शिकवा, ओढली तर सोडायची. धरून ठेवली तर मान कापते आणि बाई गाडीबरोबर फरफटते. सोडून दे, खाली बस, ओरड, गाडी कुठल्या दिशेने गेली आणि मागे बसलेल्याचा शर्ट कुठल्या रंगाचा एवढं बघ.

पोत काढ असं म्हणून भांडू नका, सौभाग्याची वस्तू आहे, तिचं मन दुखेल. एक ग्रॅमवाली घालून फिरायला जा म्हणा, किंवा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घे, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चाल म्हणजे गाड्या समोरून दिसतात. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून गेल्या तर सगळ्यात बरं. रस्त्यात कुणी म्हटलं आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा, तर तो चोरच. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. दारावर सोनं चमकवून देतो म्हणणारा आला तर दार उघडायचं नाही, त्याच्या द्रावणात सोनं विरघळून जातं.

पण आईंची जन्माची पुंजी जायची भीती रस्त्यापेक्षा फोनवर जास्त आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केलीय, फोन ठेवू नका, मुलाला सांगू नका. कायद्यात डिजिटल अटक नावाचं काही नाहीच. तुम्ही त्यांच्याशी एक खूण ठरवा, पैशाचं काही आलं की आधी फोन कट आणि मला फोन, मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन. आणि खरंच उचला, हे तुमच्या बाजूचं काम आहे. आणि त्या घाबरून फोन करतील तेव्हा ‘तुला किती वेळा सांगितलं’ असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी लपवतील. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, जितकं लवकर तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त. ज्येष्ठांची हेल्पलाइन, एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८ चालते, एकटेपणात नुसतं बोलायला पण चालते.

प्रश्न : माझी भाची अमळनेरहून जळगावला ट्रेनने जाते. गर्दीत एका माणसाने धरणगाव ते जळगाव तिला त्रास दिला, ती काहीच बोलली नाही, हलली पण नाही. आता घरात सगळे विचारतात की तू ओरडली का नाही, तू तर शाळेत ज्युदो शिकली होती. ती जेवत नाही. – मावशी

उत्तर : मावशी, आधी घरातला तो प्रश्न बंद करा. अंग गोठणं हे तिच्या हातात नव्हतं. धोका दिसला की शरीर स्वतःच ठरवतं, काही पळतात, काही भिडतात आणि खूप जणी जागच्या जागी गोठतात, आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. चांगल्या शिकलेल्या मुलींचं होतं, पुरुषांचं होतं, सैनिकांचं होतं. तू ओरडली का नाही हे परत परत विचारलं की तिला वाटतं माझीच चूक, आणि जो त्रास तासाभरात संपला असता तो महिनोन्महिने चालतो. तिला एवढंच सांगा की तू नीट घरी आलीस, चूक त्याची आहे, बाकी तुला बोलायचं असेल तेव्हा बोल. जेवण-झोप दोन-तीन आठवड्यांत रुळावर आली नाही तर समुपदेशकाकडे न्या, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं तिथे फुकट मदत मिळते.

तक्रार करायची असेल तर अजूनही करता येते, उशीर झाला म्हणून घेणार नाही असं नसतं. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो, ते पुढे रेल्वे पोलिसांकडे पाठवतात, आणि मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. पण करायची की नाही हे भाचीने ठरवू दे.

ती परत प्रवासाला तयार झाली की सराव मोठ्या डावांचा नको. गोठलेल्या अंगाला एक छोटी हालचाल आणि एक तयार वाक्य लागतं. श्वास जोरात बाहेर सोडायचा, पायाची बोटं बुटात दाबायची, आणि मग वाक्य, ‘ओ निळा शर्ट, हात काढा.’ शर्टाचा रंग घेऊन बोललं की सगळा डबा त्या माणसाकडे बघतो, नुसतं ओरडलं तर लोक मुलीकडे बघतात. हे वाक्य घरात खुर्च्या लावून, डब्यासारखी गर्दी करून, तुम्ही मावश्या-काकवांनी तिच्याबरोबर म्हणा. पहिल्यांदा हसू येईल तिला, येऊ द्या. रेल्वेचा नंबर १३९ तिच्या फोनमध्ये टाका, आणि शक्य तेव्हा महिलांचा डबा.

प्रश्न : नंदुरबारला मिरचीला काय कमी. मुलीच्या पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवली तर चालेल का, का पेपर स्प्रे घेऊ? चाकू ठेवू का? कायद्यात अडकणार तर नाही ना ती? – एक वडील

उत्तर : पुडी नको. ती सोडायला दोन हात लागतात आणि वारा असला की तिच्याच डोळ्यात जाते. पेपर स्प्रे घ्या, आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. घेतल्यावर एक्स्पायरी बघा, मोकळ्या जागेत वाऱ्याला पाठ करून एकदा फवारून बघा म्हणजे किती लांब जातो आणि बटण किती कडक आहे ते कळतं. पर्सच्या तळाशी ठेवला तर उपयोग नाही, सुनसान रस्त्याला लागायच्या आधीच हातात घ्यायचा, डोळ्यांच्या दिशेने मारायचा आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

चाकू अजिबात नको, समोरचा ताकदवान असला तर तो हिसकावून तिच्यावरच चालवतो.

अडकायचं म्हणाल तर न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क दिलाय, मुख्य अट ही की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे स्प्रे मारून सुटून आली तर गुन्हा नाही, तो पळून जात असताना मागे धावून डोक्यात दगड घातला तर अडचण येऊ शकते. बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला अशा प्रसंगात तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत जातो. हे तुम्ही स्वतः तिला समजावून सांगा आणि वापर झाला की लगेच ११२ ला फोन करायला सांगा, म्हणजे आधी तक्रार तिची नोंदवली जाईल.